वाचकांचे प्रश्न : घाटात रुसणारी ऑटोमॅटिक

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावरची आहेत. पुण्या-मुंबईकडून किंवा गोव्याकडून घेतलेली वापरलेली ऑटोमॅटिक मोटार, आणि चार-सहा महिन्यांतच तिच्या गियरबॉक्सने सुरू केलेला त्रास. बहुतेक पत्रांच्या शेवटी "गियरबॉक्स उतरवावा लागेल असे गॅरेजवाले म्हणतात, काय करू?" हा प्रश्न आहे. म्हणून या अंकात तेवढाच विषय घेतला आहे.

उत्तरांकडे वळण्यापूर्वी एक विनंती. पत्रात गाडीचे नाव, रंग आणि खरेदीची किंमत सर्वजण आठवणीने लिहितात. गियरबॉक्स कोणत्या प्रकारचा आहे हे मात्र क्वचितच कोणी लिहिते. आपल्याकडे "ऑटोमॅटिक" या एकाच शब्दाखाली टॉर्क कन्व्हर्टर (तेलाच्या जोरावर ताकद पुढे नेणारे), सीव्हीटी (पट्टा-पुलीचे), एएमटी (मॅन्युअलच, पण क्लच-गियर यंत्राने हलवणारे) आणि ड्युअल क्लच (दोन क्लचांचे) अशी चार निरनिराळी यंत्रे खपतात. त्यांचे तेल वेगळे, दुखणे वेगळे आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला मारक ठरू शकतो. दुसरी गोष्ट अशी, की "झटका बसतो" एवढेच न लिहिता तो केव्हा बसतो ते लिहावे: सकाळी थंड गाडीत की तासभर चालल्यावर, चढावर की सपाटीवर, कोणत्या वेगाला. निम्मे निदान तिथेच होते.

टिळकवाडी, बेळगाव येथील एक वाचक लिहितात :

"मागील दिवाळीत पुण्याहून सात वर्षांची, ७८ हजार किलोमीटर चाललेली पेट्रोल सेडान घेतली. गियरबॉक्स सहा गियरचा, टॉर्क कन्व्हर्टर प्रकारचा आहे. शहरात काहीच तक्रार नाही. गेल्या महिन्यात पणजीहून चोर्ला मार्गे परत येताना केरीच्या पुढचा चढ लागल्यावर इंजिनचा आवाज वाढू लागला, आरपीएमचा काटा चार हजारांवर गेला, पण वेग वाढेना. थोड्या वेळाने डॅशबोर्डवर दिवा लागला आणि गाडी एकाच गियरमध्ये अडकल्यासारखी चालू लागली. कणकुंबीला अर्धा तास थांबून चहा घेतला, पुन्हा चावी फिरवली, तर बेळगावपर्यंत गाडी शहाण्यासारखी आली. गॅरेजमध्ये गियरबॉक्स उतरवून ओव्हरहॉल करण्यास सांगितले आहे. करावे का?"

आत्ताच करू नये. आपल्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा तपशील तो अर्ध्या तासाचा चहा आहे. आतल्या क्लचच्या चकत्या पुरत्या झिजलेल्या असत्या, तर गाडी थंड झाल्यावर इतक्या आज्ञाधारकपणे घरी आली नसती. दुखणे उष्णतेशी बांधलेले आहे, आणि उष्णतेचा माग काढायचा तर आधी तेलाकडे पाहावे लागते.

या प्रकारच्या गियरबॉक्समध्ये इंजिनची ताकद पुढे नेण्यासाठी पायाने दाबायचा क्लच नसतो; समोरासमोर बसवलेल्या दोन पंख्यांमधले तेल ते काम करते. सपाटीवर वेग स्थिर झाला की आतला लॉक-अप क्लच ते दोन्ही पंखे एकमेकांना जखडतो आणि घसरण थांबते. परंतु भरलेली गाडी कमी वेगाने लांब चढ चढत असते तेव्हा पंखे एकमेकांच्या मागेपुढे फिरत राहतात, मधले तेल घुसळले जाते आणि तापते. हेच तेल गियर बदलण्यासाठी लागणारा दाबही पुरवते, आणि वंगण व थंडावा देण्याचे कामही त्याच्याकडेच असते. ते जुने झालेले असेल किंवा पातळीपेक्षा कमी असेल, तर तापल्यावर दाब पुरेसा बनत नाही, चकत्या घट्ट धरत नाहीत, त्या घसरल्याने आणखी उष्णता होते, आणि हे चक्र आपोआप वाढत जाते. गियरबॉक्समध्ये आत येणारा वेग आणि बाहेर जाणारा वेग मोजणारे सेन्सर असतात. त्यांचा हिशेब जुळेनासा झाला की नियंत्रक संगणक स्वतःला सावरण्यासाठी एकच मधला गियर, बहुधा तिसरा, धरून ठेवतो. आपल्याला "अडकल्यासारखे" वाटले ते हेच. त्याला लिम्प मोड म्हणतात. चावी बंद करून पुन्हा फिरवल्यावर ही स्थिती पुष्कळदा निघून जाते, पण तिची नोंद संगणकात राहते.

म्हणून पहिले काम त्या नोंदीचे. बॅटरीची वायर काढण्यापूर्वी ती वाचून घ्यावी, कारण "रीसेट करून बघूया" म्हणत बॅटरी काढण्याची आपल्याकडच्या कित्येक गॅरेजांची सवय नेमका पुरावाच पुसून टाकू शकते. स्वस्तातले मोबाइलला जोडायचे स्कॅनर बहुधा फक्त इंजिनच्या संगणकाशी बोलतात आणि पी०७०० एवढाच कोड दाखवतात. त्याचा अर्थ "गियरबॉक्सच्या संगणकाला काहीतरी सांगायचे आहे" इतकाच असतो. गियरबॉक्स गेला असा त्याचा अर्थ नव्हे. गियरबॉक्सचा संगणक स्वतंत्रपणे वाचू शकणारा स्कॅनर असलेल्या ठिकाणी गाडी न्यावी. तिथे पी०७३० दिसला तर गियरचे प्रमाण जुळत नाही, म्हणजे घसरण आहे. पी०७४१ दिसला तर संशय लॉक-अप क्लचकडे जातो. पी०७१५ असेल तर आत येणाऱ्या वेगाचा सेन्सर किंवा त्याची वायरिंग तपासावी. सेन्सर खोटे बोलत असेल तर धडधाकट गियरबॉक्ससुद्धा लिम्प मोडमध्ये जाऊ शकतो.

त्यानंतर तेल. आपल्या गाडीला तेल मोजायची पट्टी असेल तर बहुतेक गाड्यांत गियरबॉक्स गरम असताना, सपाट जागेवर, इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून सर्व गियरांमधून लिव्हर एकदा फिरवून आणि मग पुस्तिकेत सांगितलेल्या जागी आणून पातळी पाहायची असते. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांना पट्टीच नसते; तळाशी एक बूच असते आणि तेल ठरावीक तापमानाला असताना ते उघडून त्यातून तेल जेमतेम ओघळते की नाही, यावरून पातळी ठरते. हे तापमान स्कॅनरवर पाहावे लागते. हाताच्या चटक्यावरून ते ठरत नाही. नवे तेल पुष्कळदा लाल असते, पण काही कंपन्या दुसऱ्या रंगाचे वापरतात, म्हणून रंगापेक्षा वासावर भरवसा ठेवावा. करपल्याचा वास आणि काळपट तपकिरी रंग एकत्र आले तर तेल जळले आहे. तेल दुधाळ गुलाबी दिसले तर प्रकरण गंभीर आहे: काही गाड्यांत गियरबॉक्सचे तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या आतूनच जाते, आणि ती फुटली की कूलंट तेलात मिसळते. तसे दिसले तर गाडी एक किलोमीटरही पुढे नेऊ नये.

तळाचे झाकण काढल्यावर आत एक-दोन चुंबक दिसतात. त्यांवर राखाडी मऊ लेप असणे ही नेहमीची झीज आहे. तो दाखवून कोणी घाबरवले तर घाबरू नये. बोटाला टोचतील असे धातूचे कण किंवा पितळी चकाकी दिसली, तर मात्र ओव्हरहॉलचा सल्ला देणारा खोटे बोलत नाही.

कंपनीच्या पुस्तिकेत "तेल आयुष्यभराचे आहे" असे लिहिले असेल, तर ते आयुष्य कोणाचे, हा प्रश्न स्वतःला विचारावा. घाट, उन्हाळा आणि भरलेली गाडी यांच्यासाठी पन्नास-साठ हजार किलोमीटरला तेल बदलणे शहाणपणाचे आहे, आणि आपल्या गाडीचे ७८ हजारांत ते एकदाही बदललेले नसण्याची शक्यता मोठी आहे. तळातून सोडल्यावर सगळे तेल निघत नाही. बराच भाग टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतो. म्हणून आधी एकदा बदलून, पाच-सातशे किलोमीटर गाडी चालवून पुन्हा बदलावे. तेल पुस्तिकेत लिहिलेल्या क्रमांकाचेच हवे; "सगळ्याला चालते" असे सांगून दिलेला डबा नम्रपणे परत करावा. याच वेळी समोरची जाळी आणि तेल थंड करणारा कूलर धुऊन घ्यावा. ऊस हंगामात ट्रॉल्यांच्या मागे गाडी चालवणाऱ्यांच्या कूलरमध्ये पाचोळा आणि धुळीचा जाड थर बसलेला मी अनेकदा पाहिला आहे, आणि घाटात गाडी तापायला तेवढेही पुरते.

एवढे करून पुढच्या चढावर तोच प्रकार झाला तर व्हॉल्व्ह बॉडी (तेलाचा दाब हवा तिकडे वळवणारा भाग) आणि तिच्यातली सोलेनॉइडे (विजेवर उघडझाप करणाऱ्या झडपा) तपासावीत. हे काम संपूर्ण गियरबॉक्स न उतरवता तळाकडून करता येईल अशी सोय पुष्कळ गाड्यांत असते. गाडी सकाळच्या थंडाव्यातही घसरू लागली, किंवा रिव्हर्स घेताना दोन-तीन सेकंद काहीच घडत नसेल, तर ओव्हरहॉलची वेळ आली असे समजावे. तोपर्यंत चोर्ला किंवा आंबोली चढताना लिव्हर मॅन्युअलवर घेऊन खालचा गियर धरावा. वरच्या गियरमध्ये रेटत राहून संगणकाला सारखी वर-खाली गियर बदलायला लावू नये. उतरताना तर खालचा गियर हवाच. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून पेट्रोल वाचवण्याची जुनी खोड ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक आणि गियरबॉक्स दोघांच्याही मुळावर येते.

खानापूर येथील एक शिक्षिका विचारतात :

"माझी एएमटी गाडी पाच वर्षांची आहे. चढावर थांबून पुन्हा निघताना ती मागे येते, पहिल्या आणि दुसऱ्या गियरच्या मध्ये मान हलेल इतका हिसका बसतो. मेस्त्री म्हणतात, ऑटोमॅटिक गाड्या अशाच असतात. खरे आहे का?"

अर्धे खरे आहे. भारतात २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओपासून आलेली एएमटी ही मुळात साधी मॅन्युअल गियरबॉक्सच आहे. क्लच दाबणे आणि गियर टाकणे ही आपली दोन कामे एक विद्युत-द्रवचालित यंत्रणा करते, एवढाच फरक. मॅन्युअल गाडीत आपण दुसरा गियर टाकताना ॲक्सिलरेटरवरचा पाय किंचित सैल करतो, तसाच एक क्षणाचा खंड इथेही पडतो, आणि तो जाणवणारच. परंतु मान हलेल असा हिसका पाच वर्षांपूर्वी नव्हता ना? मग तो नेहमीचा म्हणून सोडू नये.

बहुधा क्लच प्लेट झिजली आहे आणि क्लच कुठे पकडतो याचा संगणकाकडचा अंदाज जुना झाला आहे. स्कॅनरने क्लचचे शिक्षण पुन्हा देता येते. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये हे काम थोड्या वेळात होते आणि आधी तेच करून पाहावे. नवा क्लच टाकल्यावर तर ते सक्तीचेच आहे. बाहेरून क्लच बदलून घेतल्यावर "गाडी आणखीच बिघडली" असे सांगणाऱ्यांच्या बाबतीत पुष्कळदा हे शिकवणेच राहून गेलेले असते. दुसरी खूण कानाने ओळखता येते. काही गाड्यांत चालकाचे दार उघडताच पंपाचा बारीक आवाज येतो, आणि तो यंत्रणेत दाब भरत असतो. गाडी चालू असताना हा पंप सारखासारखा गुणगुणू लागला तर तेलगळती किंवा दाब साठवणाऱ्या नळकांड्याचा दोष संभवतो. ॲक्चुएटरच्या, म्हणजे क्लच-गियर हलवणाऱ्या यंत्रणेच्या, छोट्या टाकीतली तेलाची पातळीही पाहून घ्यावी.

आता आपल्या हातातली गोष्ट. हिल-होल्ड (चढावर ब्रेक क्षणभर धरून ठेवणारी सोय) नसेल तर एएमटी चढावर स्वतःहून धरून राहत नाही. ॲक्सिलरेटर हलकेच दाबून चढावर गाडी तोलून धरणे म्हणजे सतत हाफ क्लच ठेवणे, आणि त्याने प्लेट जळते. हँडब्रेक ओढून ॲक्सिलरेटर द्यावा, गाडी पुढे ओढू लागली की हँडब्रेक सोडावा. टिळकवाडीच्या रेल्वे फाटकाशी गाडी थांबली असेल तर लिव्हर न्यूट्रलवर घ्यावा. टॉर्क कन्व्हर्टर गाडीत याची गरज नसते, एएमटीमध्ये मात्र सवय लावून घ्यावी.

हिंदवाडी, बेळगाव येथून एक सेवानिवृत्त वाचक लिहितात :

"सीव्हीटी गाडी आहे. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन आधी ओरडते आणि वेग मागाहून वाढतो. हा दोष आहे का? शिवाय तेल बदलताना जवळच्या गॅरेजने ऑटोमॅटिकचे तेल घातले. त्यानंतर सावकाश चालवताना गाडी थरथरते."

पहिली गोष्ट दोष नव्हे; सीव्हीटीचा स्वभावच तसा आहे. तिच्यात गियरचे टप्पेच नसतात. दोन रुंद-अरुंद होणाऱ्या पुल्यांवर पोलादी पट्टा फिरतो, आणि इंजिनला सोयीच्या आरपीएमवर ठेवून पट्ट्याची जागा सरकवत वेग वाढवला जातो. पाय अर्धाच दाबून वाट पाहिली की आवाज निवतो.

दुसरा भाग मात्र आज संध्याकाळपर्यंतही लांबवू नये. सीव्हीटीचे तेल हे वेगळे तेल आहे. पट्टा आणि पुली यांच्यामधली पकड त्या तेलाच्या गुणावर अवलंबून असते. साध्या ऑटोमॅटिक तेलात पट्टा घसरतो, पुलीवर ओरखडे पडतात, आणि ओरखडे पडलेली पुली कुठल्याही तेलाने बरी होत नाही. तेल घालून किती किलोमीटर झाले हे आपण लिहिलेले नाही. शंभराच्या आत असतील तर आशा आहे. गाडी उभी ठेवावी, क्रेनने न्यावी, कंपनीने सांगितलेले सीव्हीटी तेल किमान दोनदा बदलून घ्यावे, आणि बिलावर तेलाचे नाव लिहून घ्यावे. भांडायची वेळ आली तर तेवढाच कागद कामाला येतो.

निपाणी येथील एक व्यापारी :

"कोल्हापूरहून एमएच-०९ पासिंगची ऑटोमॅटिक एसयूव्ही घेण्याचा विचार आहे. विकणारे ओळखीचे पाव्हणे आहेत, गाडी दारात आणून दाखवतो म्हणतात. काय पाहावे?"

पाव्हण्यांना दारात बोलावू नये. आपण त्यांच्या दारात जावे, तेही सकाळी लवकर, आगाऊ कळवून आणि "गाडी सुरू करून ठेवू नका" असे स्पष्ट सांगून. चालवत आणलेली गाडी गरम असते, आणि गियरबॉक्सची निम्मी दुखणी थंड असतानाच दिसतात. इंजिन सुरू करून अर्धा मिनिट थांबावे, ब्रेक दाबून पी (पार्क) वरून डी (ड्राइव्ह) वर यावे, मग आर (रिव्हर्स) वर. प्रत्येक वेळी साधारण सेकंदभरात गाडीने हलकीशी ओढ दिली पाहिजे. ओढ उशिरा आली किंवा "धप्" असा दणका बसला तर लक्षात ठेवावे. दणक्याचा अर्थ मात्र नेहमी गियरबॉक्सच असतो असे नाही. माझ्याच जुन्या गाडीत डी टाकताच बसणारा दणका ऐकून एका गॅरेजने गियरबॉक्सचे अंदाजपत्रक हाती दिले होते. शेवटी निघाले ते इंजिनचे फाटलेले रबरी माउंटिंग.

नंतर गाडी महामार्गावर घेऊन यावी आणि तवंदी घाट चढवून पाहावा. ४० ते ७० च्या वेगात, हलक्या पायाने चालवताना रस्त्यावरच्या बारीक पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर जाणवली तर लॉक-अप क्लच किंवा तेल यांच्यावर संशय घ्यावा. अशीच थरथर खराब इग्निशन कॉइलनेही (इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या भागानेही) होते, म्हणून स्कॅन करूनच निष्कर्ष काढावा. पाऊण तास चालवल्यावर थंड असतानाची डी-आर चाचणी पुन्हा करावी आणि दोन्हींतला फरक पाहावा.

कोल्हापूरची गाडी म्हणून आणखी एक गोष्ट अगत्याने सांगतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा आणि कृष्णा यांच्या काठी कित्येक गाड्या पाण्यात उभ्या होत्या. गियरबॉक्सला श्वास घेण्यासाठी एक छोटी नळी असते, आणि पाणी तिच्यावर चढले की ते आत शिरू शकते. चकत्यांवरचे घर्षणाचे अस्तर पाण्याने सुटते. हे लगेच कळत नाही. वर्ष-दोन वर्षांनी घसरण सुरू होते. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून खालच्या टोकाला गाळाची रेषा आहे का, सीटखालच्या पट्ट्यांना गंज आहे का, डिकीतल्या स्टेपनीच्या खड्ड्यात वाळलेली माती आहे का, हे पाहावे. विम्याच्या दाव्यांचा इतिहासही मागावा. पाव्हण्यांना राग आला तरी चालेल.

कागदांचे थोडक्यात: मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक ठेवलेल्या गाडीला तिथला नवा क्रमांक घ्यावा लागतो, आणि त्यासोबत कर्नाटकचा रस्ता कर येतो. तो धरूनच किंमत ठरवावी.

संकेश्वर येथील वाचकाचा एका ओळीचा प्रश्न :

"लिव्हर पी मधून निघतच नाही. गियरबॉक्स जाम झाला का?"

आधी मागे कोणाला तरी उभे करून ब्रेक दाबावा आणि ब्रेकचे लाल दिवे लागतात का ते विचारावे. लागत नसतील तर ब्रेक पेडलवरचा छोटा स्विच किंवा फ्यूज गेला आहे. ब्रेक दाबल्याचा निरोप न मिळाल्यामुळे लिव्हरचे कुलूप उघडत नाही. हा स्विच स्वस्त असतो. तातडीची गरज असेल तर लिव्हरजवळ बहुतेक गाड्यांत छोटे झाकण असते. ते काढून आतली कळ चावीच्या टोकाने दाबली की लिव्हर सुटतो. मात्र ब्रेकचे दिवे नसताना ती गाडी रस्त्यावर आणू नये. दिवे लागत असूनही लिव्हर अडकत असेल आणि गाडी उतारावर उभी असेल, तर सगळा भार आतल्या खुंटीवर आला आहे. पुढच्या वेळी आधी हँडब्रेक ओढावा, ब्रेक क्षणभर सैल करून गाडीला हँडब्रेकवर बसू द्यावे, आणि मग पी टाकावे.

चिकोडी तालुक्यातील एक शेतकरी :

"मळ्यात बॅटरी उतरली. पोरांनी धक्का मारून बघितला, गाडी सुरू झाली नाही. मग ट्रॅक्टरला दोर बांधून पंधरा किलोमीटर ओढून आणली. आता पुढे जाताना घुं-घुं आवाज येतो. काही बिघडले असेल का?"

धक्का मारून ऑटोमॅटिक सुरू होत नाही. इंजिन बंद असताना गियरबॉक्सचा तेलपंप फिरत नाही, दाब बनत नाही, आणि चाकांची हालचाल इंजिनपर्यंत पोहोचतच नाही. पोरांचे श्रम वाया गेले, पण त्याने नुकसान झाले नसावे. नुकसानीची शक्यता ट्रॅक्टरच्या पंधरा किलोमीटरमध्ये आहे. पुढची चाके जमिनीवर फिरत राहिली आणि त्यांच्याबरोबर आतले भाग तेलाच्या पुरवठ्याविना फिरले. लिव्हर न्यूट्रलवर असला तरीही हे घडते. आवाज वेगाबरोबर वाढत असेल तर बेअरिंगला झळ पोहोचली आहे असे समजून गाडी आणखी न चालवता तेल काढून त्यात धातूचे कण आहेत का ते पाहावे. कण नसतील तर नवे तेल घालून आवाज कमी होतो का ते तपासावे, आणि चाकाच्या बेअरिंगचाही संशय याच वेळी निकालात काढावा. बॅटरी उतरल्यास दुसऱ्या गाडीवरून जम्पर केबलने सुरू करावी. ओढून न्यायचीच झाली तर पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी पुढची दोन्ही चाके उचलून, आणि चारही चाके ओढणारी गाडी असेल तर संपूर्ण गाडी क्रेनच्या सपाट फळीवर चढवून न्यावी.